पॅरामेडिकचे शिक्षण : आमचे अनुभव आणि विद्यार्थ्यांशी दोन शब्द

(संस्थेच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या मुलामुलींचा सत्कार झाला त्यांचे आम्ही प्रथम मनापासून अभिनंदन करतो. आम्ही दोघे पती-पत्नी याच वस्तीत वाढलो आणि याच संस्थेच्या अभ्यासिकेतल्या एका दिव्याखाली परीक्षा दिल्या. गेली काही वर्षे आम्ही अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात राहतो आणि दोघेही पॅरामेडिक म्हणून काम करतो. "आपल्या मुलांना या शिक्षणाविषयी सांगा," असे अध्यक्षांनी पत्राने कळविले, म्हणून हे टिपण आम्ही दोघांनी मिळून तयार केले आहे. वाचणारा एक असला तरी बोलणे दोघांचे आहे, म्हणून आम्ही 'आम्ही' असेच म्हणणार. जेथे एकाची गोष्ट निराळी असेल तेथे पतीची की पत्नीची ते सांगू. भांडण नको!

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे 'पॅरामेडिकल' म्हटले की लॅब टेक्निशियन, क्ष-किरण तंत्रज्ञ, ऑपरेशन थिएटरमधले साहाय्यक हे सारे डोळ्यांपुढे येतात. ती सर्व कामे मोलाचीच आहेत. परंतु आम्ही ज्याविषयी बोलणार तो 'पॅरामेडिक' निराळा. रुग्णालयाच्या दाराबाहेर, रस्त्यावर, घरात, शेतात, जेथे माणूस कोसळला तेथे जाऊन उपचार सुरू करणारा तो पॅरामेडिक. तो डॉक्टर नव्हे. मात्र डॉक्टरांनी आखून दिलेल्या नियमांच्या चौकटीत तो हृदयाचा आलेख काढतो आणि वाचतो, शिरेतून औषध देतो, श्वासनलिकेत नळी घालतो, बंद पडलेल्या हृदयाला विजेचा धक्का देतो.

आम्ही या वाटेला का लागलो

१९९३ साली पत्नीचे वडील सायकलवरून बाजाराहून परत येत असताना त्यांना टेम्पोने उडविले. गावकऱ्यांनी जीप थांबविली, त्यांना मागच्या बाजूस उताणे निजविले आणि अठरा किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी निघाले. तेव्हा चौदा वर्षांची असलेली पत्नी त्यांच्या पायांशी बसली होती. वाटेत ते मोठ्याने घोरू लागले. जीपमधल्या जाणत्या माणसांनी तिला धीर दिला, "पोरी, भिऊ नकोस, अण्णांना झोप लागली आहे." दवाखान्यात पोहोचण्याआधी घोरणे थांबले. "उशीर झाला," एवढेच तेथे सांगण्यात आले.

वीस वर्षांनी, दुसऱ्या देशातल्या एका वर्गात, श्वासमार्गाच्या पाठात शिक्षकाने फळ्यावर एक वाक्य लिहिले. बेशुद्ध माणसाचे घोरणे म्हणजे झोप नव्हे. जीभ मागे पडून श्वासाची वाट अडल्याची ती खूण आहे. मग त्यांनी करून दाखविले. मान न हलविता, दोन्ही हातांच्या बोटांनी जबड्याचे कोपरे धरून पुढे उचलायचे. जबड्याबरोबर जीभही उचलली जाते आणि वाट मोकळी होते. त्याला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही, पैसा लागत नाही. पत्नी वर्गातून उठून बाहेर गेली. त्या दिवशी ती परत वर्गात आली नाही.

अण्णा वाचलेच असते असे आम्ही म्हणत नाही. डोक्याला मार होता, आत काय झाले होते कोणास ठाऊक! पण त्या जीपमध्ये सहा माणसे होती, सगळी प्रेमाची, आणि एकालाही ही साधी गोष्ट कोणी शिकविली नव्हती. प्रेम भरपूर होते, विद्या नव्हती. आमच्या सगळ्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय

२०१० साली आम्ही नातेवाइकांच्या आधाराने अमेरिकेत गेलो. एकाजवळ बी.कॉम. आणि एकीजवळ बी.ए. अशा पदव्या होत्या, पण त्यांचा तेथे काही उपयोग झाला नाही. दोन वर्षे आम्ही किराणा दुकानात काम केले. एके दिवशी दुकानात एक म्हातारे गृहस्थ कोसळले. रुग्णवाहिकेतून आलेल्या दोन तरुणांनी त्यांना आमच्या डोळ्यांदेखत सावध केले. आम्ही त्यांना विचारले, हे कोठे शिकवितात? ते म्हणाले, "येथून चार मैलांवर, कम्युनिटी कॉलेजात."

अशी सार्वजनिक महाविद्यालये अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून आहेत. इलिनॉय राज्यातले जोलिएट येथील महाविद्यालय १९०१ सालचे. दोन वर्षांपर्यंतचे शिक्षण, माफक फी, सकाळ-संध्याकाळचे वर्ग, आणि प्रवेशाला वयाची अट नाही. आमच्या वर्गात अठरा वर्षांची मुले होती आणि नातवंडे असलेली एक आजीही होती. एका इमारतीत परिचारिका घडतात, शेजारी मोटार दुरुस्ती शिकवितात, पलीकडे आगीशी लढणारे जवान तयार होतात. हाताने करायच्या कामाला तेथे कमी लेखत नाहीत. राज्यात वर्षभर राहिल्यावर आम्हांला स्थानिक दराने फी लागू झाली. हा दर युनिटला ४६ डॉलर होता. उत्पन्न कमी असल्याने राज्याची फीमाफीही मिळाली. पुस्तके, गणवेश, परीक्षा यांचा खर्च मात्र खिशातून करावा लागला.

शिक्षणाच्या दोन मुख्य पायऱ्या आहेत. पहिली ई.एम.टी.ची. कॅलिफोर्नियात ती साधारण १७० तासांची, म्हणजे एका सत्राची. यात रक्तस्राव थांबविणे, हाड मोडल्यास आधार देणे, प्राणवायू देणे, छातीवर दाब देणे, प्रसूतीस मदत करणे असे प्राथमिक परंतु जीव वाचविणारे शिक्षण मिळते. ती परीक्षा दिल्यावर काही महिने रुग्णवाहिकेवर नोकरी करावयाची आणि मगच पॅरामेडिकच्या वर्गाला अर्ज करावयाचा. पगार विचाराल तर दुकानातल्यापेक्षा थोडाच जास्त होता. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण परदेश म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे नोटा नाचू लागतात.

दुसरी पायरी पॅरामेडिकची. कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे आमच्या वेळी ती कमीत कमी १०९४ तासांची होती. ४५४ तास वर्ग आणि प्रात्यक्षिके, १६० तास रुग्णालयात, आणि ४८० तास रुग्णवाहिकेवर अनुभवी पॅरामेडिकच्या नजरेखाली. शरीररचना, औषधशास्त्र, हृदयाचे आलेख, अपघात, बालरोग, प्रसूती, मनोविकार असे सगळे विषय असतात. औषधाचे नाव माहीत असून भागत नाही, मात्राही पाठ लागते. एकच ॲड्रेनॅलिन. हृदय बंद पडल्यास शिरेतून १ मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी; तीव्र ॲलर्जीने गळा सुजल्यास मांडीच्या स्नायूत त्याच्या निम्म्याहून अधिक नाही. मात्रा आणि मार्ग चुकला तर तारणारे औषधच मारक ठरते.

दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग, घरी पाच वर्षांची मुलगी. फ्रिजच्या दारावर आलेख, न्हाणीघराच्या आरशावर औषधांच्या मात्रा. एकजण भाकरी थापायचा आणि दुसरा प्रश्न विचारायचा. मुलीला आम्ही रोगी बनवायचो. ती डोळे मिटून पडायची आणि गुदगुल्या झाल्या की हसायची. मग आम्ही म्हणायचो, "रोगी शुद्धीवर आला!"

नापास झालो त्याची गोष्ट

सत्काराच्या सभेत नापासांविषयी बोलू नये असा रिवाज आहे. आम्ही तो मोडतो. पत्नी २०१५ साली पहिल्याच फेरीत उत्तीर्ण झाली. पती हृदयाच्या आलेखांच्या परीक्षेत दोन गुणांनी नापास झाला. उत्तीर्ण होण्यास शंभरात ऐंशी लागत, अठ्ठ्याहत्तर मिळाले. आपल्याकडे अठ्ठ्याहत्तरला पेढे वाटतात! त्याला पुढच्या वर्षीच्या तुकडीत बसावे लागले.

परंतु खरी अडचण आलेखांची नव्हती. ती रुग्णवाहिकेवर कळली. शिकाऊ पॅरामेडिकने प्रत्येक रोग्याजवळ प्रमुख म्हणून उभे राहायचे असते. कोणी काय करायचे ते त्याने मोठ्याने, स्पष्ट सांगायचे असते. पतीला सगळे येत होते, पण तोंडातून शब्द निघत ते असे: "चालत असेल तर... हरकत नसेल तर..." प्रशिक्षक बाईंनी, ज्यांची वीस वर्षे या कामात गेली होती, दहाव्या पाळीनंतर त्याला बाजूला घेतले आणि म्हणाल्या, "तुला विद्या येते. पण तू प्रत्येक गोष्टीला परवानगी मागतोस. जो मरतो आहे त्याच्याकडे तुला परवानगी द्यायला वेळ नाही."

त्या रात्री आम्ही दोघे स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत बसलो. ही सवय आली कोठून? पतीचे आजोबा कचेरीत गेले की दाराबाहेर चपला काढून उभे राहत. वडील शिपाई होते. साहेबापुढे आवाज खाली ठेवायचा हे त्यांनी लेकराला प्रेमानेच शिकविले, त्याचे भले व्हावे म्हणून. शाळेत मागच्या बाकावर बसायचे, उत्तर येत असले तरी हात वर करायचा नाही. तीन पिढ्यांचा हा दबलेला आवाज सात समुद्र ओलांडून आमच्याबरोबर आला होता आणि आता एखाद्याच्या प्राणाशी गाठ होती.

मग आम्ही त्याचाही अभ्यास केला. रोज रात्री जेवणानंतर पतीने बैठकीत उभे राहून मोठ्याने हुकूम द्यायचे: "तुम्ही छातीवर दाब द्या! तुम्ही प्राणवायू लावा! सगळे मागे व्हा, धक्का देतो आहे!" मुलगी गालिच्यावर रोगी होऊन पडलेली असे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाई दार ठोठावून विचारू लागल्या की घरात सर्व ठीक आहे ना.

प्रशिक्षण आणखी काही पाळ्यांनी वाढवून मिळाले. शेवटच्या आठवड्यात एका घरातून बोलावणे आले. एका वृद्ध गृहस्थांचे हृदय बंद पडले होते. पतीने आवाज न कापता काम वाटून दिले. मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने दाब, धक्के, औषधे, चाळीस मिनिटे सारे नियमाप्रमाणे झाले. ते गृहस्थ वाचले नाहीत. त्यांच्या पत्नीजवळ गुडघे टेकून बसून, "यांचा मृत्यू झाला आहे," असे स्पष्ट शब्दांत सांगण्याचे कामही त्यानेच केले. आम्हांला शिकविले होते की अशा वेळी 'गेले', 'सोडून गेले' असे मोघम बोलायचे नाही. दुःखात माणसाला मोघम शब्द कळत नाहीत. परत येताना प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "आज तू उत्तीर्ण झालास." हे आमच्या क्षेत्राचे कठोर सत्य आहे. रोगी दगावला तरी काम बरोबर झालेले असू शकते. ते स्वीकारता आले नाही तर माणूस या कामात आतून मोडतो. मोडलेले सहकारीही आम्ही पाहिले आहेत.

पिट्सबर्गच्या तरुणांचा इतिहास

आता तुम्हांला एक इतिहास सांगायचा आहे, कारण तो आपल्या मुलांनी ऐकलाच पाहिजे.

१९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने एक अहवाल प्रसिद्ध केला. आदल्या वर्षी त्या देशात ४९,००० माणसे मोटार अपघातांत मेली होती. आणि देशातल्या सुमारे निम्म्या रुग्णवाहिका चालवीत होते कोण? अंत्यविधीचा व्यवसाय करणारे! कारण आडव्या माणसाला नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याजवळ असे. उपचाराचे शिक्षण मात्र बहुतेकांजवळ नसे.

पिट्सबर्ग शहरात हे काम पोलिसांच्या गाड्यांकडे होते. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ती गाडी कधी उशिरा येई, कधी येतच नसे. १९६६ मध्येच पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स भर सभेत कोसळले आणि पुढे दगावले, तेव्हा ही उणीव मोठ्यांच्याही ध्यानात आली. डॉ. पीटर सफर यांचे नाव कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या आधुनिक पद्धतीशी कायमचे जोडलेले आहे. त्याच वर्षी त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली होती. त्यांनी आणि फिल हॅलन या गृहस्थांनी हिल डिस्ट्रिक्टमधल्या फ्रीडम हाउस या संस्थेबरोबर १९६७ साली एक योजना आखली. ज्यांना 'नोकरीस अपात्र' म्हणून समाजाने बाजूला टाकले होते अशा त्या वस्तीतल्या तरुणांना निवडून सुमारे ३०० तासांचे शिक्षण दिले. कित्येकांनी शाळाही पुरी केलेली नव्हती. त्यातून अमेरिकेतल्या अगदी पहिल्या पॅरामेडिकांची तुकडी उभी राहिली. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या. त्यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक १९७९ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या पॅरामेडिकचे विद्यार्थी अजून वाचतात.

शेवट मात्र गोड नाही. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद पडले. ज्यांनी ही विद्या उभी केली त्यांतल्या अनेकांना नव्या व्यवस्थेत टिकू दिले गेले नाही. तरी जॉन मून यांच्यासारखे काही टिकले आणि त्याच शहराच्या सेवेत उपप्रमुखपदापर्यंत पोहोचले. वर्गात हा धडा ऐकताना आम्हांला परके काहीच वाटले नाही. 'अपात्र' हा शिक्का मारणे सोपे असते आणि तीनशे तासांच्या चांगल्या शिक्षणाने तो पुसताही येतो, हे त्या तरुणांनी दाखवून दिले.

आपल्या मुलांनी काय करावे

आपल्या देशातही परिस्थिती बदलली आहे. २००५ साली हैदराबादेत १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली, आरंभी ९३७ रुग्णवाहिका घेऊन. त्यांतल्या २३३ प्रगत उपचारांच्या आणि ७०४ प्राथमिक उपचारांच्या. आपल्या राज्यात या गाडीवर डॉक्टर असतो, ही चांगली गोष्ट आहे. २०२१ साली केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला. आणीबाणीच्या सेवेतल्या पॅरामेडिकचाही त्यात समावेश आहे. म्हणजे हा व्यवसाय आता कायद्याने ओळखला जातो. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आमच्या चार सूचना ऐका.

पहिली : जाहिरातीला भुलू नका. 'सहा महिन्यांत पॅरामेडिकल, नोकरीची हमी' असे फलक प्रत्येक चौकात आहेत. पैसे भरण्यापूर्वी संस्था कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे आणि प्रात्यक्षिके कोणत्या रुग्णालयात होतात, हे स्वतः जाऊन पाहा. ज्या अभ्यासक्रमात रोग्याला हात लावायला मिळत नाही तो अभ्यासक्रम नव्हे.

दुसरी : परदेशाच्या आशेने या विषयाकडे येऊ नका. येथले प्रमाणपत्र तेथे सहज चालत नाही, आमच्या पदव्या चालल्या नाहीत तसेच. आणि येथे गरज कमी आहे काय?

तिसरी : इंग्रजीची भीती बाळगू नका, पण इंग्रजी टाळूही नका. औषधांची नावे रोज दहा लिहून काढा. आम्ही मराठी माध्यमातून शिकलो. शब्द उशिरा आले, पण आले.

चौथी : मोठ्याने बोलायला शिका. मागचा बाक सोडा. हात वर करा. चुकले तर चुकू द्या.

आणि जे या क्षेत्रात येणार नाहीत त्यांच्यासाठी, म्हणजे आपणां सर्वांसाठी, एक गोष्ट. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत इजा होऊ लागते. कोणतीही गाडी एवढ्या वेळात बहुधा पोहोचत नाही. त्या मिनिटांत शेजारी उभा असलेला माणूसच खरा वैद्य असतो. मदत केली तर पोलीस मागे लागतील ही भीतीही आता सोडा. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

म्हणून आम्ही येताना सरावाच्या दोन बाहुल्या आणल्या आहेत. छातीवर दाब कसा द्यायचा हे त्यांच्यावर शिकता येते. त्या आम्ही संस्थेस देत आहोत. उद्या आणि परवा सकाळी नऊ वाजता अभ्यासिकेत आम्ही वर्ग घेणार आहोत. फी नाही, वयाची अट नाही. आजी या, आजोबा या, रिक्षा चालविणारे बंधू तर जरूर या, कारण जखमीला प्रथम तुमच्याच गाडीत घालतात. पहिला पाठ जबडा उचलण्याचा असेल. आपल्या वस्तीतल्या कोणत्याही लेकीला यापुढे कोणी "बापाला झोप लागली आहे" असे सांगू नये, एवढी आमची इच्छा आहे.

 उद्या सकाळी नऊ वाजता भेटू. जयभीम.